आफ्रिकेची एक कादंबरी आणि वर्गांतील मुलें

नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही इंग्रजी कादंबरी १९५८ सालीं लंडनच्या हाइनमान प्रकाशनसंस्थेनें प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या २,००० प्रती छापल्या होत्या. पुढें तिचे ५० हून अधिक भाषांत अनुवाद झाले, आणि आज आफ्रिकेंत, इंग्लंडांत व अमेरिकेंत कित्येक शाळांतून चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांस ती शिकविली जाते. पुस्तक लहान आहे, भाषा सुबोध आहे, कथानक सरळ आहे. त्यामुळें तें शिकविणेंही सोपें असावें असा समज सहज होतो. वस्तुतः शिक्षकाची इतकी कसोटी पाहणारीं पुस्तकें थोडींच असतील. या कादंबरींत एक संस्कृति उभी राहते, तिच्या आंतच कलह दिसूं लागतात, मग बाहेरून दुसरी सत्ता येते, आणि अखेरीस जुनी घडी विस्कटते. हें सर्व वाचतांना वयांत येणारा मुलगा न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याची घाई करीत असतो. ती घाई कशी थांबवावी, हाच हें पुस्तक शिकविण्यांतील मुख्य प्रश्न होय.

अचेबे यांचा जन्म १९३० सालीं नायजेरियाच्या आग्नेय भागांतील ओगिदि या गांवीं, इग्बो समाजांत झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती मिशनचे धर्मशिक्षक होते. आप्तांपैकीं व शेजाऱ्यांपैकीं कित्येक मात्र पूर्वजांच्या धर्मांतच राहिले होते. एका घरांत स्तोत्रें चाललेलीं आणि दुसऱ्या घरांत देवतांना नैवेद्य, अशा दोन जगांच्या शिवेवर त्यांचें बालपण गेलें. इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकत असतांना जॉइस केरी या लेखकाची, नायजेरियांतील एका कारकुनावर लिहिलेली ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ सालची कादंबरी त्यांच्या वाचनांत आली. आपल्या लोकांचें तें चित्र त्यांस व त्यांच्या सहाध्यायांस मुळींच पटलें नाहीं. आपली कथा आपणच सांगितली पाहिजे, ही जाणीव तेथें बळावली. १९५४ पासून अचेबे नायजेरियाच्या नभोवाणींत भाषणांच्या विभागांत काम करूं लागले, आणि ती नोकरी सांभाळून त्यांनीं ही कादंबरी लिहिली. तिच्यांतील आटोपशीर वाक्यें, म्हणींची पेरणी आणि सांगितल्यासारखी कथनाची रीत पाहिली म्हणजे लेखकाचा कान किती तयार होता हें ध्यानांत येतें. म्हणूनच वर्गांत ती प्रथम मोठ्यानें वाचली जावी.

कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. उमुओफिया हा नऊ खेड्यांचा गण. त्यांतील ओकोंक्वो अठराव्या वर्षीं, सात वर्षें अजिंक्य राहिलेल्या मल्लास चीत करून कीर्तीस चढतो. त्याचा बाप उनोका बासरीचा नादी, आनंदी, पण कर्जबाजारी. मरतांना अंगाला सूज आली म्हणून त्यास अंत्यसंस्कारही न मिळतां अरण्यांत सोडून दिलेला. बापासारखें होऊं नये, या एकाच भीतीनें ओकोंक्वो जन्मभर धांवतो. तो कोठारें भरतो, मानाच्या पदव्या मिळवितो, तीन बायकांचा संसार करतो. परंतु हळुवार अशी कोणतीही भावना त्यास दुबळेपणाची खूण वाटते. एका अपघातामुळें त्यास सात वर्षें आजोळीं हद्दपार होऊन राहावें लागतें. तेवढ्या अवधींत मिशनरी येतात, पाठोपाठ सरकार येतें. परत आल्यावर तो गणास लढावयास उभें करूं पाहतो, सरकारी जासुदास ठार करतो, आणि आपल्यामागून कोणीच उठत नाहीं हें पाहून गळफास घेतो.

पुस्तकाचीं प्रकरणें पंचवीस आहेत, आणि त्यांपैकीं पहिलीं तेरा प्रकरणें उमुओफियाच्या आपल्या जीवनाचीं आहेत. परक्यांचें आगमन प्रत्यक्षांत होतें तें त्यानंतर. संघर्ष शिकवावयाचा म्हणून घाईचा शिक्षक या तेरा प्रकरणांवरून पटकन् पुढें सरकतो आणि मिशनरी येतांच ‘आतां खरी गोष्ट सुरू झाली’ असें मुलांस सांगतो. यासारखी दुसरी चूक नाहीं. जें मोडलें तें काय होतें हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्यास मोडण्याचें दुःख कसें कळावें? ठरलेल्या वेळेपैकीं निम्म्याहून अधिक वेळ या पहिल्या भागास दिला पाहिजे.

या भागांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओये, आफो आणि न्क्वो, बाजाराचे दिवस याच नांवांनीं ओळखले जातात. मुख्य पीक याम, म्हणजे कोंकणांतील कोनफळाच्याच कुळांतला मोठा कंद. तो पुरुषाच्या कर्तृत्वाचें माप मानला जातो. ओकोंक्वोला बापाकडून बियाणें मिळालें नाहीं, म्हणून त्यानें न्वाकिबिए नांवाच्या श्रीमंत गृहस्थाकडून ८०० बेणीं वाट्यानें घेतलीं. आणि त्याच वर्षीं दुष्काळ पडला. पैसा कवड्यांचा, या कवड्या शतकानुशतकें मुख्यतः मालदीव बेटांवरून, हिंदी महासागर ओलांडून पश्चिम आफ्रिकेंत जात असत. पाहुणा आला कीं कोला नांवाचें कडवट बी पुढें करावयाचें, आणि तें कोणीं फोडावें यावर यजमान व पाहुणा यांनीं अदबीनें आग्रह करावयाचा. ही माहिती मुलांस कोरडी वाटूं नये म्हणून एक युक्ति उपयोगी पडते. वहीच्या पानावर तीन रकाने आंखावे: पहिल्यांत उमुओफियाचा एखादा नियम, दुसऱ्यांत तो ज्या प्रसंगीं दिसला तो प्रसंग, आणि तिसऱ्यांत तो नियम कोणाचें रक्षण करतो व कोणावर भार टाकतो हें लिहावें.

तिसरा रकाना भरतांना मुलांचे डोळे उघडूं लागतात. पेरणीपूर्वीच्या शांतिसप्ताहांत ओकोंक्वो धाकट्या बायकोला मारतो. भूमिदेवतेचा पुजारी त्याच्या दारीं येऊन त्यास एक शेळी, एक कोंबडी, एक वस्त्र आणि १०० कवड्या असा दंड करतो, आणि तो बलाढ्य पुरुष निमूटपणें दंड भरतो. म्हणजे सामर्थ्यवानाहून वरचढ असा कायदा येथें आहे. दुसरा प्रसंग न्यायसभेचा. नऊ खेड्यांच्या पूर्वजांचें रूप घेतलेले नऊ मुखवटाधारी पुरुष, ज्यांस एग्वुग्वु म्हणतात, ते उझोवुलु नांवाच्या माणसाचा खटला ऐकतात. बायकोला तो नित्य मारी, म्हणून तिचे भाऊ तिला माहेरीं घेऊन गेलेले. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात, साक्षी होतात, आणि निकाल मिळतो कीं नवऱ्यानें ताडीचा घडा घेऊन सासुरवाडीस जावें व बायकोस परत येण्याची विनवणी करावी. येथें एखाद्या चौकस मुलीनें विचारावें कीं त्या बाईस बोलूं कां दिलें नाहीं. प्रश्न अगदीं रास्त आहे. तो फळ्यावर लिहून ठेवावा. या सभेची आठवण पुढें इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीचें वर्णन येईल तेव्हां अवश्य करून द्यावी.

आतां अवघड भाग. याच समाजांत जुळीं मुलें जन्मलीं तर तीं मडक्यांत घालून अरण्यांत टाकण्याची रूढि आहे. याच समाजांत इकेमेफुना नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा, आपल्या गांवच्या लोकांनीं केलेल्या एका खुनाची भरपाई म्हणून उमुओफियास दिला जातो. तीन वर्षें तो ओकोंक्वोच्या घरीं राहतो, त्यास बाप म्हणूं लागतो. आणि मग डोंगरांतील देवतेचा कौल लागतो कीं त्याचा वध व्हावा. वध करणाऱ्यांत ओकोंक्वोही असतो. ज्या मुलांस हें शिकवावयाचें तीं इकेमेफुनाच्याच वयाचीं असतात. हीं पानें वाचून झाल्यावर वर्ग कांहीं वेळ गप्प राहतो, आणि मग कोणी तरी म्हणतो कीं हे लोक रानटीच होते. शिक्षकाचें खरें काम येथें सुरू होतें.

या वेळीं दोन उत्तरें तोंडाशीं येतात. पहिलें असें कीं, होय, हे लोक मागासलेले होते व म्हणूनच त्यांस सुधारणेची गरज होती. दुसरें असें कीं, ती त्यांची संस्कृति. तिच्यावर परक्यानें मत देऊं नये. पहिलें उत्तर तुच्छतेचें आहे. दुसरें सभ्य दिसतें, पण त्यामुळें विचार तेथेंच थांबतो. इग्बो माणसांस स्वतःच्या रूढीविषयीं प्रश्न पडूं शकत नाहींत असें तें गृहीत धरतें. कादंबरी या दोन्ही उत्तरांस वाव देत नाहीं. म्हणून शिक्षकानें स्वतः निकाल न देतां मुलांस एवढेंच विचारावें: उमुओफियांतील कोणास ही गोष्ट खुपत होती? मुलें पुस्तकांत शोधूं लागतात आणि त्यांस उत्तरें सांपडतात. एझेउदु हा गांवांतील वृद्ध व मान्यवर पुरुष ओकोंक्वोच्या घरीं येऊन बजावून जातो कीं तो मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूंत तुझा हात असूं नये. मित्र ओबिएरिका त्या वधास जात नाहीं, आणि देवाचा कौल अमान्य न करतांही त्यांत भाग घेणें टाळतां येतें हें ओकोंक्वोस स्पष्ट सांगतो. तोच ओबिएरिका पुढें आपल्या बायकोचीं टाकून दिलेलीं जुळीं मुलें आठवून, त्यांचा अपराध तो कोणता, या विचारांत पडतो आणि त्यास उत्तर मिळत नाहीं. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये कांहींच बोलत नाहीं. पण त्या रात्रीं त्याच्या आंत कांहीं तरी तुटतें. परंपरा म्हणजे सर्वांनीं डोळे मिटून मानलेली आज्ञा नसते; तिच्यांत वाद असतो, संकोच असतो, आणि बोलून न दाखविलेलें दुःखही असतें, हें मुलांस येथें स्वतःच्या शोधानें कळतें.

यावरूनच ओकोंक्वोच्या स्वभावाकडे वळावें. तो स्वतःस परंपरेचा पाठीराखा समजतो, आणि मुलेंही तसेंच समजतात. परंतु शांतिसप्ताह मोडणारा तोच, वृद्धाचा सल्ला झिडकारणारा तोच. ज्या समाजाचा तो अभिमान बाळगतो त्या समाजांत कोमलतेलाही मान आहे. न्दुलुए नांवाचा वृद्ध योद्धा मरतो व त्याची थोरली बायको त्याच दिवशीं प्राण सोडते. दोघांचें मन एकच होतें असें ओबिएरिका सांगतो, आणि एवढ्या शूर पुरुषानें प्रत्येक गोष्ट बायकोस विचारून करावी याचें ओकोंक्वोस नवल वाटतें. आजोळीं गेल्यावर मामा उचेंदु त्यास विचारतो कीं, मूल बापाचें मानतात, तर मग संकटांत माणूस आईच्या माहेरीं कां धांव घेतो. ओकोंक्वोस उत्तर देतां येत नाहीं. शब्दांतही हाच धडा दडलेला आहे. ‘अग्बाला’ हा शब्द बाईस लावतात, आणि ज्यानें एकही पदवी घेतली नाहीं अशा पुरुषासही. लहानपणीं बापाविषयीं हा शब्द ऐकून ओकोंक्वो जन्माचा दुखावला. पण सारा गण जिच्यापुढें थरथरतो त्या डोंगरांतील देवतेचें नांवही कादंबरींत अग्बाला असेंच आहे. ज्या स्त्रीत्वास तो भितो त्यासच त्याचा समाज पूजितो, हें ओकोंक्वोस अखेरपर्यंत उमगत नाहीं.

उनोका, ओकोंक्वो आणि न्वोये ही तीन पिढ्यांची सांखळी वयांत येणाऱ्या मुलांस सर्वांत जवळची वाटते, यांत नवल नाहीं. बापाच्या लाजेनें मुलगा कठोर झाला. त्याच्या कठोरपणानें नातू परका झाला. न्वोयेला आईच्या तोंडच्या कांसवाच्या व पांखरांच्या गोष्टी आवडत. पण बापास बरें वाटावें म्हणून तो युद्धाच्या गोष्टी आवडल्याचें सोंग करी. मिशनऱ्यांच्या त्रैक्याचा सिद्धान्त त्यास समजत नाहीं. त्यांच्या गाण्यानें मात्र त्याचें मन विरघळतें, कारण जुळ्यांचें अरण्यांतील रडणें व इकेमेफुनाचा मृत्यु हे दोन प्रश्न तो केव्हांपासून मनांत वागवीत असतो. धर्मांतराचें कारण धर्मग्रंथांत शोधण्याऐवजीं घरांत शोधावें लागतें, ही गोष्ट मुलांस चटकन् पटते.

एवढी तयारी झाल्यावर परक्यांच्या आगमनाचा भाग शिकवावा. मिशनऱ्यांस देवळासाठीं जागा दिली ती अपशकुनी अरण्यांत. चार दिवसांत ते मरतील अशी गांवकऱ्यांची खात्री. ते मेले नाहींत. त्यांच्याकडे प्रथम कोण गेलें, याची मुलांकडून यादी करून घ्यावी: गणांत ज्यांस किंमत नव्हती ते पुरुष, चार वेळां जुळीं झालेली व प्रत्येक वेळीं तीं गमावलेली न्नेका, बापास विटलेला न्वोये, आणि पाठोपाठ ‘ओसु’ म्हणजे देवतेस वाहिलेले, ज्यांच्याशीं स्वतंत्र लोक विवाह करीत नसत व ज्यांस केंस कापण्याचीही मुभा नव्हती असे बहिष्कृत. मराठी वाचकांस येथें आपल्याकडील अस्पृश्यतेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दोन्ही रूढींचीं मुळें वेगळीं आहेत; पण ज्यांस समाजानें उंबऱ्याबाहेर ठेवलें त्यांस दुसरें दार उघडें दिसलें तर ते तिकडे जातील, हा न्याय दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

मात्र येवढ्यावरच थांबलें तर मुलें असा ग्रह करून घेतील कीं उमुओफिया केवळ आपल्याच दोषांनीं मोडला. धर्माच्या पाठीशीं बंदूक होती, ही गोष्ट कादंबरी विसरूं देत नाहीं. अबामे नांवाच्या गांवीं सायकलीवरून आलेल्या एका गोऱ्या माणसास लोकांनीं मारलें. कांहीं दिवसांनीं सैनिकांनीं बाजाराच्या दिवशीं गांवास वेढा घालून सरसकट गोळ्या झाडल्या. १९०५ सालीं अहियारा भागांत डॉक्टर स्ट्युअर्ट नांवाचा इंग्रज मारला गेला व त्यानंतर सरकारी फौजेनें त्या मुलखावर सूड उगविला. त्या घटनेची छाया या प्रसंगावर आहे. पुढें गणाच्या सहा पुढाऱ्यांस बोलणें करावयाचें म्हणून बोलावून बेड्या घालतात, आणि २०० थैल्या कवड्यांचा दंड ठोठावतात. सरकारी जासूद तो परस्पर २५० करून पन्नास थैल्यांचा वांटा उकळतात. एग्वुग्वूंची न्यायसभा व ही कचेरी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे कोणी कोणास न्याय शिकवावा हा प्रश्न मुलें आपण होऊन विचारतात. गोऱ्यांतही एकच रंग नाहीं. मिस्टर ब्राउन गांवच्या अकुन्नाशीं बसून देवाविषयीं शांतपणें चर्चा करतो, शाळा व दवाखाना काढतो. त्याच्या मागून आलेला स्मिथ जगाचे काळे व पांढरे असे दोनच भाग करतो. वर्गांतील घाईनें निकाल देणारा मुलगा स्मिथच्याच वाटेनें चालला आहे, हें शिक्षकानें सांगण्याची गरज पडत नाहीं.

शेवटच्या पानावर ओकोंक्वोचें प्रेत झाडास लटकत असतें. आत्महत्या हें भूमीविरुद्ध पाप. म्हणून त्याच्याच आप्तांस त्यास हात लावतां येत नाहीं, आणि ज्या बापाच्या लाजेनें तो आयुष्यभर पळाला त्याच्याप्रमाणेंच त्यासही आपल्या लोकांच्या हातचे अंत्यसंस्कार मिळत नाहींत. इंग्रज अधिकारी हें सर्व पाहतो आणि परत जातांना आपल्या नियोजित पुस्तकाचा विचार करतो. नायजर नदीच्या खालच्या भागांतील रानटी जमातींस शांत कसें केलें, हा त्या पुस्तकाचा विषय. या माणसाची हकीकत त्यांत एक परिच्छेद भरून देतां येईल, असें त्यास वाटतें. पंचवीस प्रकरणें वाचून ओकोंक्वोस आंतबाहेर ओळखणाऱ्या वाचकास हा एक परिच्छेद चाबकासारखा लागतो.

या शेवटाचा उपयोग करून घेण्याची एक साधी रीत आहे. पुस्तक हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक मुलाकडून शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या आफ्रिकेंतील खेड्याविषयीं एक परिच्छेद लिहून घ्यावा व तो शिक्षकानें जपून ठेवावा. शेवटचें पान वाचून होतांच ते कागद परत द्यावे. बहुतेकांस आपलाच परिच्छेद त्या अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरांत लिहिल्यासारखा वाटेल. तो खोडून दुसरा लिहावयास सांगूं नये. त्यांतील कोणतें वाक्य आतां लिहितां येणार नाहीं आणि कां, एवढेंच विचारावें. त्यानंतर एखादा प्रसंग एक्वेफी, न्नेका किंवा न्वोये यांच्या तोंडून लिहावयास द्यावा. या कादंबरींत स्त्रियांचा आवाज थोडा आहे अशी टीका झालेली आहे. त्या मोकळ्या जागा भरतांना मुलांस त्या टीकेचें मर्म कळतें.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. हें पुस्तक म्हणजे आफ्रिका नव्हे. त्या खंडांत ५४ देश आहेत. एकट्या नायजेरियांत ५०० च्या आसपास भाषा बोलल्या जातात. आजचा इग्बो समाज बहुतांशीं ख्रिस्ती आहे, आणि जुळीं टाकण्याची रूढि केव्हांच इतिहासजमा झाली. म्हणून जमल्यास या पुस्तकानंतर त्याच समाजांतील लेखिका चिमामांदा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ ही २००३ सालची कादंबरी वाचावयास द्यावी. तेथें कठोर बाप नव्या धर्माचा कट्टर अनुयायी आहे, आणि जुन्या धर्मांत राहिलेले आजोबा प्रेमळ आहेत. दोन पुस्तकें शेजारीं ठेवल्यावर, कठोरपणा अमुक एका धर्माचा किंवा अमुक एका काळाचा असतो, या समजुतीस आधार उरत नाहीं.

अचेबे २०१३ सालीं निवर्तले. त्यांच्या कादंबरीच्या परीक्षेंत ‘परंपरा व आधुनिकता यांतील संघर्ष स्पष्ट करा’ असा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचें ठराविक उत्तर पाठ करून मुलांस गुणही मिळतात. पण ज्या मुलानें इकेमेफुनाच्या मृत्यूनें कळवळावें, त्याच वेळीं एग्वुग्वूंच्या न्यायसभेचा आदर करावा, ब्राउनचा भलेपणा ओळखावा आणि तरी अबामेच्या बाजारांतील गोळ्या विसरूं नयेत, त्यास त्या प्रश्नाचें उत्तर लिहितांना थोडें अडखळावें लागेल. असें अडखळणारे विद्यार्थी वर्गांत पांच जरी निघाले, तरी शिकविणाऱ्याचे श्रम वायां गेले नाहींत असें समजण्यास हरकत नाहीं.